पाहिल्याची खूण

ता. ३ मार्च, दुपार

चि. खारुताईस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. तुझंही ठीक असेल असं धरून चालते, कारण फोनवर तू ‘मी मजेत’ एवढंच सांगतेस आणि पुढचा सगळा वेळ मलाच प्रश्न विचारतेस.

रोज बोलतो तर पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस आणि मी उत्तर देते. पत्रात कुणी काही विचारत नाही, त्यामुळे जरा निवांत वाटतं. तू वसतिगृहात होतीस तेव्हाही मी दुकानाच्या काउंटरवर बसूनच लिहायचे. आजही तिथेच बसले आहे. दुपारी चष्मा घ्यायला कुणी येत नाही. मागच्या खोलीत तुझे काका मशीनवर काचा घासत आहेत. मशीन थांबलं की ते खोकतात, खोकला थांबला की मशीन सुरू होतं.

काल एक आजोबा आले होते. फ्रेम जुनीच ठेवायची, काचा तेवढ्या नव्या घालायच्या, म्हणाले. काकांनी फ्रेम हातात घेऊन बघितली. ‘आजोबा, ही मोडायला आली आहे.’ आजोबा म्हणाले, ‘मीही आलोय. तरी घरचे चालवून घेतात ना.’ काकांनी काचा बसवून दिल्या. फ्रेम मोडली नाही. मग दिवसभर ते त्याच खुशीत होते.

स्वयंपाकघरातला नळ गळतो. प्लंबर आला, वॉशर गेलंय म्हणाला, आणि वॉशर आणायला गेला तो गेलाच. खाली पातेलं ठेवलं आहे. पातेल्यात थोडं पाणी साठलं की आवाज बदलतो.

मंगळवारी हॉस्पिटलात जाऊन आले. मानेतली ती गाठ, सुई घालून तिचा तुकडा काढला होता, त्या डॉक्टरांकडे. नवीन इमारत चांगली आहे. खुर्च्या मऊ आहेत. भिंतीवर आकडा उमटतो आणि आपण उठायचं. फोनमधलं ते हॉस्पिटलचं अ‍ॅप तू बसवून दिलंस ते बरं झालं. तारखा तुला तिकडे कळतात आणि तू मला फोन करतेस, ‘आई, उद्या जायचंय.’ मला ते उघडावंच लागत नाही.

गाठीचे डॉक्टर चाळिशीचे असतील. भिंतीतून एक लोखंडी हात बाहेर आला आहे, त्यावर स्क्रीन. डॉक्टर तिकडे तोंड करून बसतात, म्हणून मला ते कडेने दिसतात. त्यांचा उजवा कान मला पाठ झाला आहे. चष्म्याच्या काचांवर चांगलं कोटिंग नाही. त्यामुळे स्क्रीन काचेत उलटी दिसते. ओळी दिसतात, अक्षरं लागत नाहीत.

‘मग, काय ठरवलंत?’ ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘थोडा वेळ द्या.’

‘घ्या. पण फार नको.’ आणि त्यांनी ते टाइप केलं. 

मग झोप विचारली, भूक विचारली. मी सांगितलं की दुपारी काउंटरवर डुलकी लागते, परवा तर गिऱ्हाईक समोर आरशात बघत होतं आणि मी उभ्या उभ्या झोपले. गिऱ्हाईकच म्हणालं, ‘बसा बाई, मी बघतो माझं मी.’ मला वाटलं डॉक्टर हसतील. ‘थकवा,’ ते म्हणाले आणि एक चौकोन भरला.

त्या मशीनला नावं ठेवत नाही. बाहेर नर्सबाई मला एक गोळी लिहून देत होत्या, तर स्क्रीन लाल झाली आणि अडून बसली. तुझ्या वेळच्या बाळंतपणात मला त्या गोळीने अंगभर पुरळ आलं होतं. मी विसरले होते. कधीतरी कुणाला तरी सांगितलं असेन. मशीनने लक्षात ठेवलं.

परवा तू फोनवर विचारलंस, ‘आई, तुला काही सांगायचंय का?’ मी नळाचं सांगितलं. मग तू बराच वेळ बोललीच नाहीस. मला वाटलं फोन कट झाला.

वेळेवर जेवत जा. कामाच्या नादात घास गालात धरून बसू नकोस. लहानपणी शोभायचं ते.

आई

&nbsp;

ता. २१ मार्च

चि. खारुताईस,

नळ दुरुस्त झाला. प्लंबर आपणहून परत आला, खिशात वॉशर घेऊन, जणू कालच गेला होता. आता स्वयंपाकघरात काही आवाज नाही. पातेलं उचलायचं मी विसरले आहे, ते तिथेच आहे.

तुझं पार्सल मिळालं. शाल उबदार आहे. एवढ्या लांबून एवढी महागाची कशाला पाठवलीस? काकांनी हात लावून बघितली आणि म्हणाले, ‘वहिनी, आता दुकानात ही पांघरून बसा. गिऱ्हाईक चष्मा घ्यायला येईल आणि पाया पडून जाईल.’

हॉस्पिटलात माझी अलीकडे बरीच वट आहे. खिडकीवरची मुलगी पूर्वी मान वर न करता ‘बसा, नंबर येईल’ म्हणायची. आता ती उठून उभी राहते. नर्सबाईंनी रक्त घेताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. ‘तुम्ही फार धीराच्या आहात हो,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘चष्म्याच्या दुकानात बसलं की धीर येतोच. लोक शंभर फ्रेमा लावून बघतात आणि पहिलीच घेतात.’ त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी काहीतरी थोर बोलले. एक शिकाऊ डॉक्टर आहे, ती म्हणाली, ‘तुमच्यासारखे पेशंट असले की आम्हालाही बळ येतं.’ मी थँक्यू म्हटलं. कौतुक कशाबद्दल चाललंय हे विचारायचं राहून गेलं.

घरी आल्यावर काकांना सांगितलं. ‘बघा बुवा,’ ते म्हणाले. ‘कुणी उगाच गोड बोलायला लागलं की मी तरी खिसा चाचपतो.’ 

तुझ्या बाबांच्या आजारपणातले ते म्हातारे डॉक्टर तुला आठवत असतील. शाईचं पेन, पुठ्ठ्याची फाइल. बाबांचा हात हातात घेऊन, डोळ्यांत डोळे घालून म्हणायचे, ‘काही नाही. उन्हाळ्यापर्यंत पुन्हा गल्ल्यावर बसाल.’ मग मला व्हरांड्यात बोलवायचे आणि खरं सांगायचे. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी रांगेत सगळे म्हणत असतात, पूर्वीचे डॉक्टर कसे माणसाकडे बघायचे. बघायचे खरे.

आताचे डॉक्टर कुणाला व्हरांड्यात बोलवत नाहीत. व्हरांडाच नाही.

गुरुवारी पुन्हा त्यांच्याकडे गेले होते. 

‘तुम्ही वेळ हवा म्हणाला होतात. अजून हवाय?’

‘हो,’ मी म्हटलं.

‘ठीक. निर्णय तुमचा. मी फक्त एवढंच म्हणेन की मी असतो तर थांबलो नसतो.’ हे ते स्क्रीनला म्हणाले. तिथे बहुतेक माझं काहीतरी उघडलेलं होतं.

बोलताना ते हनुवटी वर करतात. दर ओळीला थोडी वर. मागच्या वेळीही मी ते पाहिलं होतं. मी उठले, दारापर्यंत गेले आणि म्हटलं, ‘डॉक्टर, तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय.’

तेव्हा ते वळले. त्यांचे दोन्ही डोळे मला एकदम पहिल्यांदाच दिसले. उजवा किंचित तिरळा आहे. थकलेला माणूस आहे.

‘डोकं दुखतं खरं संध्याकाळी,’ ते म्हणाले. ‘पण तपासायला वेळ कुठाय.’

‘मला सांगता वेळ घ्या. तुम्हीही घ्या की थोडा. दोन गल्ल्या सोडून दुकान आहे.’

ते हसले आणि त्यांचा हात कीबोर्डकडे गेला, जणू हेही टाइप करायचं होतं. मी दुकानाचं कार्ड ठेवून आले.

तू फोनवर म्हणालीस, ‘मी येऊ का?’ मी म्हटलं, ‘कशाला, तुझं काम सोडून?’ तू म्हणालीस, ‘तू ठरवशील तसं.’ आवाज बसला होता तुझा. विचारलं तर सर्दी आहे म्हणालीस. पूर्वी तुला सर्दी झाली की तू घर डोक्यावर घ्यायचीस. हल्लीची तुझी सर्दी फार शहाणी आहे.

आणखी एक लिहायला घेतलं होतं. राहू दे. कागद संपत आला आहे.

वाफ घे.

आई

&nbsp;

ता. २ एप्रिल

चि. खारुताई,

हे पत्र बसून वाच. उभ्याने, जिन्यात, ऑफिसला जाताना वाचू नकोस.

डॉक्टर दुकानात आले. मला वाटलं नव्हतं येतील. दुपारचेच आले, कोट न घालता, म्हणून काकांनी ओळखलं नाही. मी सांगितल्यावर म्हणाले, ‘या डॉक्टर, इथे भिंतीवर आकडा उमटत नाही, थेट बसा.’ डॉक्टरांचा फोन वाजत होता. काकांनी हात पुढे केला. डॉक्टरांनी फोन बंद करून त्यांच्या हातात दिला. डोळे तपासताना दुकानात सगळेच देतात. 

आतल्या खोलीत दिवा मालवला, तक्ता लावला. त्यांचा चष्मा काढून ठेवला आणि तपासायची फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली. एकेक भिंग घालत गेले. ‘ही बरी की ही? आता? आता?’ माणूस आज्ञाधारक आहे. खालच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचलं. मी पुन्हा केलं. तेच आलं. त्यांचा जुना चष्मा मशीनखाली ठेवून मोजला. तोही तोच.

नंबर बदललेला नव्हता. मी चुकले होते.

‘स्क्रीन कुठे असते तुमची, हाताने दाखवा,’ मी म्हटलं. त्यांनी हात कपाळाच्या वर धरला. चष्म्याचा वाचायचा भाग खाली असतो. स्क्रीन उंच, म्हणून हनुवटी वर, म्हणून मान आखडते, म्हणून डोकं. ‘डॉक्टर, चष्मा बरोबर आहे. स्क्रीन खाली घ्या.’

‘ती भिंतीला पक्की आहे.’

‘मग डोकेदुखीही पक्की.’

ते हसले. उठले नाहीत. दिवा अजून मालवलेलाच होता आणि ती जड फ्रेम त्यांच्या नाकावर तशीच होती. एका डोळ्यावर काच, दुसऱ्यावर झाकण. तसेच समोर बघत म्हणाले, ‘तुम्हाला एक विचारू? मी रोज लोकांना सांगतो. लोक कोसळतात, भांडतात. तुम्ही तो रिपोर्ट घरी एकटीने वाचलात, आणि माझ्यासमोर येऊन बसलात ते इतक्या शांत. कसं जमलं?’

मी म्हटलं, ‘कुठला रिपोर्ट?’

‘गाठीचा.’

‘तो मी पाहिलेला नाही.’

त्यांनी नाकावरची फ्रेम सावरली. मग म्हणाले, ‘स्क्रीनवर आहे. “रुग्णाने पाहिले”, अशी खूण आहे. रिपोर्ट आला त्याच दिवशी. म्हणून तर मी...’

‘माझ्या मुलीने पाहिला असेल. अ‍ॅपवर फोन नंबर तिचा आहे.’

त्यांचा हात आपोआप पुढे गेला. तिथे कीबोर्ड नव्हता. भिंगांची पेटी होती. एक भिंग उचललं आणि परत ठेवलं, चुकीच्या खाचेत.

‘उद्या या,’ म्हणाले. ‘सगळं समोर उघडून नीट सांगतो.’

‘आज सांगा.’

‘माझ्याकडे इथे काहीच नाहीये.’

‘तुम्हाला आठवत असेल तेवढं सांगा.’

मी दिवा लावला. त्यांनी तपासायची फ्रेम काढली आणि स्वतःचा चष्मा घालायचा राहिला. तसेच माझ्याकडे बघून बोलले. मी त्यांना धूसर दिसत असणार. म्हणाले, गाठ कॅन्सरची आहे. औषधाने बऱ्याच जणांची जाते अशा जातीची. औषध लगेच सुरू करायला हवं होतं. मी वेळ मागितला तो सगळं माहीत असून मागितला असं त्यांना वाटलं. ‘माझ्या आधी नर्सने नोंद वाचली, तिलाही तेच वाटलं. सगळ्यांनाच.’

‘मला वाटलं गाठ काढायची की ठेवायची, तेवढंच विचारताय.’

‘मी तोंडाने सांगायला हवं होतं.’

मी विचारलं, ‘उशीर झाला का?’

‘थोडा झाला. किती, ते पुन्हा स्कॅन केल्याशिवाय नाही सांगता येणार.’

तेवढ्यात काकांनी बाहेरून हाक मारली, ‘वहिनी, गिऱ्हाईक.’ मी बाहेर गेले. एका बाईंच्या चष्म्याची दांडी ढिली झाली होती. छोटा स्क्रू आवळून दिला. काच पुसून दिली. बाई म्हणाल्या, ‘किती द्यायचे?’ मी म्हटलं, ‘याचे काही नाही.’ परत आत आले तर डॉक्टर होते तसेच बसलेले, चष्मा हातात. मी तो त्यांच्या हातातून घेतला, तोही पुसला आणि त्यांना दिला.

काकांना संध्याकाळी सांगितलं. ते उठले. मागे गेले आणि मशीन सुरू केलं. बऱ्याच वेळाने मी जाऊन बघितलं तर मशीन चालू होतं आणि त्यात काच नव्हती.

स्कॅन झाला. गाठ काखेतही आहे. ती आधी नव्हती की आधी कुणी बघितली नव्हती, हे कळायला मार्ग नाही असं डॉक्टर म्हणाले. औषध सोमवारी सुरू. स्क्रीन तिथेच आहे, हनुवटी वर करतात तीही तशीच. फक्त टाइप करतात ते आता मोठ्याने म्हणतात. माझ्यासाठी की स्वतःसाठी, माहीत नाही. ‘रुग्णाला समोरासमोर सांगितले,’ असं म्हणत टाइप केलं. मी म्हटलं, ‘कुठे सांगितलं ते नाही लिहिलंत.’ म्हणाले, ‘त्याला इथे जागा नाही.’

आता तुझं.

तू तो रिपोर्ट उघडलास. तिकडे, एकटीने, बहुतेक ऑफिसात. तुला वाटलं असेल, डॉक्टर आईला सांगतीलच, मग आईच मला सांगेल, तिच्या वेळेने, तिच्या शब्दांत. म्हणून विचारलंस, काही सांगायचंय का. मी नळाचं सांगितलं. तुला वाटलं, आई मोठी धीराची. नर्सबाईंनाही तेच वाटलं. मग शाल पाठवलीस. मग सर्दी झाली तुला. त्यात तुझी चूक काय हे मी शोधून बघितलं, मला सापडली नाही. डॉक्टरांचीही नीट सापडत नाही. खूण खोटी नव्हती. कुणीतरी पाहिलंच होतं.

पण एक गोष्ट कुठल्याच स्क्रीनवर नाही, म्हणून इथे लिहिते. मागच्या पत्रात राहू दे म्हटलं ती हीच.

मला फोन वापरता येत नाही असं तू समजतेस. दुकानाच्या सगळ्या ऑर्डरी मी फोनवरूनच देते. फ्रेमांचे फोटो मागवते, भाव पाडून घेते. अ‍ॅपसाठी हॉस्पिटलात त्यांनी नंबर विचारला तेव्हा मी तुझा सांगितला, तो मुद्दाम. काही वाईट असेल तर ते अक्षरांत बघायचं नव्हतं. तुझ्या आवाजात ऐकायचं होतं. तुला न विचारता ते तुझ्या हातात ठेवलं आणि मी मोकळी झाले.

आणि तुझा आवाज पहिल्या दिवसापासून वेगळा होता. मला ते कळलं होतं. तुला जन्म दिलाय मी. डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले होते, ‘रिपोर्ट तुम्ही पाहिलाच आहे,’ आणि मी मान हलवली होती. तेव्हाही, ‘नाही, मी नाही पाहिला,’ एवढं म्हणता आलं असतं. म्हटलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तू बोलत नाहीस तोवर काही नाही, असं मी धरून बसले. तू मी बोलायची वाट बघत बसलीस. मधल्या काळात नळ दुरुस्त झाला.

मला वाईट वाटत असेल असं तुला वाटेल. वाटेल कदाचित पुढे. सध्या काही वाटत नाही. सकाळी उठते, दुकान उघडते, तक्ता पुसते. माणसं येऊन समोर बसतात आणि मी विचारते, आता बरं दिसतं का. ती हो म्हणतात.

हे फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं. तू हॅलो म्हणालीस की मला दुसरंच काहीतरी सुचतं. म्हणून पत्र. ते तुला कधी मिळालं, तू वाचलंस की नुसतंच उशीखाली ठेवलंस, हे मला इथे दिसणार नाही. तेही बरं आहे. तुझा वेळ घे. नाही, तसं नको. फार घेऊ नकोस.

मागे तू विचारलंस, येऊ का. मी नको म्हटलं. ते मी परत घेते.

तू दोन वर्षांची होतीस तेव्हा न आवडलेला घास गिळायची नाहीस आणि थुंकायचीही नाहीस. गाल फुगवून घरभर हिंडायचीस, डोळ्यांत पाणी, तोंडातून शब्द नाही. म्हणून खारुताई. बाबा रागवायचे. मी तुझ्या हनुवटीखाली हात धरून बसायचे, हात भरून येईपर्यंत.

तशीच बसले आहे. टाक बघू आता.

तुझी
आई